बावन्न फेऱ्या

गाडीला खोकला लागला तेव्हा बाईंचं वय एकाहत्तर होतं आणि गाडीचं एकोणीस. दोघींपैकी जास्त थकलेली कोण, यावर घरात दुमत होतं.

सकाळी किल्ली फिरवली की बोनेटच्या आत पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा खडखडाट व्हायचा आणि थोड्या वेळाने आपोआप थांबायचा. बाईंनी घड्याळ लावून तो मोजला होता. आधी दोन सेकंद, मग महिन्याभराने चार, आणि आता सात. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला ही संख्यामालिका कुठे निघाली आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

तज्ज्ञ मात्र घरातच होता. बाईंचा मुलगा वयाने पन्नास, ऑफिसात अठरा माणसांवर साहेब आणि घरी बाळ. हे नाव पाळण्यात पडलं ते पडलंच. नंतर बाळाला टक्कल पडलं तरी नाव काही पडेना. बाळने तो आवाज एकदा ऐकला आणि निकाल दिला की इंजिन संपलं. स्वतःच्या गाड्या तो दर तीन वर्षांनी बदलायचा. कुठलाही आजार व्हायच्या आधी त्याची गाडी दुसऱ्याची झालेली असायची, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत त्याचा अनुभव निरोगी माणसाच्या वैद्यकीय ज्ञानाइतकाच होता.

खरं दुखणं वेगळं होतं. आईने गाडी चालवणं थांबवावं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता. आधी त्याने डोळ्यांचं कारण काढलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाईंना चष्म्याशिवाय कॅलेंडर वाचायला लावून त्याची पंचाईत केली. मग गुडघे काढले. मग रहदारी. आता गाडीच माफीची साक्षीदार होऊन त्याच्या बाजूने बोलू लागल्यावर त्याला कोण आनंद झाला.

आणि बाईंना गाडी हवी होती ती गुरुवारसाठी. दर गुरुवारी त्या आपल्या तीन मैत्रिणींना घेऊन अकरा किलोमीटरवरच्या तलावात पोहायला जायच्या. तिघींतली थोरली अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि पाण्यात सगळ्यांच्या पुढे असायची. तिकडे बस जात नव्हती. बाळ म्हणाला, मी ड्रायव्हर देतो. पण ओल्या केसांनी परत येताना चौघी जे बोलायच्या ते परक्या माणसाने ऐकण्यासारखं नव्हतं, आणि घरच्याने तर मुळीच नाही. त्यातलं बरंचसं घरच्यांविषयीच असायचं.

अशा रीतीने रविवारच्या जेवणात वाद पेटला आणि बाईंच्या तोंडून नको ते निघून गेलं. शनिवारी दुपारी बाराच्या आत गाडी न खडखडता सुरू झाली नाही, तर किल्ली तुझ्या हातात देईन. घास गिळायच्या आतच त्यांना पस्तावा झाला. पण बाईंनी आजवर वर्गाला दिलेला शब्द मोडला नव्हता, मग तो सहलीचा असो वा छडीचा. बाळने ताटावरून उठून हातही न धुता भंगारवाल्याला फोन लावला आणि शनिवार बाराची वेळ पक्की केली. एवढी तडफ त्याने अभ्यासात दाखवली असती तर आज तो छत्तीस माणसांवर साहेब असता.

बाईंनी गाडी पस्तीसच्या गॅरेजात नेली.

पस्तीस हे त्या मिस्त्रीचं नाव नव्हे. गणिताच्या शेवटच्या पेपरात बाईंनी त्याला बरोबर पस्तीस गुण दिले होते, ना एक कमी ना एक जास्त, आणि वर्गाने तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं. पुढे गॅरेज निघालं, दोनाचे चार हात झाले, केस पिकले, पण पाटीवर लोक जे वाचायचे ते पस्तीसच. बाईंचा त्याला अजून धाक होता. त्या दारात दिसल्या की तो उठून उभा राहायचा, आणि पुष्कळदा त्या वेळी तो एखाद्या गाडीखाली असायचा. कपाळावरचं टेंगूळ त्याला तिथूनच मिळालेलं.

त्याने बोनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि गाडी सुरू करायला सांगितली. सात सेकंद ऐकून म्हणाला, "चेन, बाई."

मग त्याने समजावून सांगितलं. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, तो पिस्टन वर-खाली करतो. वर दोन दांडे फिरतात, ते व्हॉल्व्ह उघडतात नि मिटतात. खालच्याने वरच्यांना तालात ठेवायचं तर मधे साखळी लागते, तीच टायमिंग चेन. ती कायम ताठ हवी. ताठ ठेवायला तिच्या दोन बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या असतात आणि एक टेन्शनर असतो, तो तेलाच्या जोरावर तिला दाबून धरतो. यातलं सगळंच झिजलंय. चेन सैल होऊन आतल्या पत्र्यावर आपटतेय. उद्या ती दोन-चार दात चुकली की व्हॉल्व्ह नि पिस्टन समोरासमोर येतील, आणि त्यांची ती भेट शेवटची असेल.

बाईंनी विचारलं, नुसती चेन बदलून भागेल का. पस्तीस म्हणाला, नाही. चेन, पट्ट्या, टेन्शनर आणि तिन्ही दातेरी चक्र्या, सगळं एकदम. "नवी चेन जुन्या चक्र्यांवर म्हणजे नवी सून जुन्या सासवांच्यात, बाई. सहा महिन्यांत तीही तसलीच होते." बोलून झाल्यावर आपण कोणापुढे बोललो हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली. बाई म्हणाल्या, उदाहरण बरोबर आहे, पुढे चल.

सुटे भाग यायला गुरुवार उजाडला. त्या गुरुवारी तलाव चुकला, आणि थोरल्या मैत्रिणीने फोनवर अशा काही शिव्या दिल्या की बाईंनी त्यांतल्या दोन मनात नोंदवून ठेवल्या. शुक्रवारी सकाळी आठला त्या डबा आणि जुना गाऊन घेऊन गॅरेजात हजर झाल्या. मी बसून राहीन, मधे येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पाऊण तासाने त्यांनी एका पुठ्ठ्यावर इंजिनाचा तोंडवळा काढून निघणारा प्रत्येक बोल्ट ज्या जागचा त्या जागी पुठ्ठ्यात खोचायला सुरुवात केली. पस्तीस आजवर सगळे बोल्ट एकाच डब्यात टाकायचा आणि शेवटी तीन उरायचे. दुपारी आतल्या पट्टीच्या एका बोल्टपाशी त्याचा हात जाईना, कारण पंजा परातीएवढा. बाईंचा हात बारीक. त्यांनी बांगडी काढून ठेवली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून, चेहऱ्यावर सुईत दोरा ओवतानाचे भाव आणून तो बोल्ट काढला. पट्टी बाहेर आली तेव्हा तिच्यात चेनने दोन खोल चर पाडलेले होते आणि एक टोक तुटून खाली तेलाच्या टाकीत पडलं होतं.

जुनी चेन आणि नवी चेन पस्तीसने एकाच खिळ्याला टांगली. जुनी अर्धं बोट लांब भरली. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. एकोणीस वर्षांत अर्धं बोट म्हणजे, त्यांच्या मते, वागणूक चांगली होती.

शनिवारी दहापर्यंत नवी चेन चढली. तिच्यात तीन कड्या पिवळ्या रंगवलेल्या होत्या. बसवताना दोन पिवळ्या कड्या वरच्या दोन चक्र्यांवरच्या ठिपक्यांशी आणि तिसरी खालच्या चक्रीच्या ठिपक्याशी जुळवायची, मग ताल चुकत नाही. तिन्ही जुळल्या. पस्तीसने टेन्शनरची पिन ओढली, चेन ताठ झाली. आता त्याचा नेम असा होता की गाडी लगेच सुरू करायची नाही. स्पार्क प्लग काढलेले असतानाच खालच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने पुऱ्या दोन फेऱ्या फिरवायचं. कुठे अडलं तर हाताला कळतं आणि थांबता येतं. सेल्फ मारल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो.

नेमका त्याच वेळी बाळ आला. हातात फोन, आणि फोनमध्ये या कामाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. तो त्याने दुप्पट वेगाने पाहिला होता, म्हणजे अर्धा.

पस्तीसने त्याच्यासमोर दोन फेऱ्या फिरवल्या. कुठेही अडलं नाही. ठिपके आपापल्या जागी आले. पण पिवळ्या कड्या ठिपक्यांपाशी नव्हत्या. एक तर पार खाली उतरून बसली होती.

बाळने फोन पुढे केला. चित्रात प्रत्येक ठिपक्यावर पिवळी कडी होती. आणि इथे नाही. चुकलंय, तो म्हणाला. पस्तीस म्हणाला, तसंच असतं साहेब, फिरवल्यावर कड्या सरकतात. बाळने विचारलं, का. पस्तीसने अशी शंभर इंजिनं जोडली असतील, सगळी रस्त्यावर पळत होती. पण का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. समोर शिकलेला माणूस, हातात चित्र, मागे गणिताच्या बाई. पस्तीस गुणांचा तो मुलगा इतकी वर्षं त्याच्या आत बाकावर बसून होता, तो खाली मान घालून उभा राहिला. हळूच म्हणाला, पुन्हा उघडून बसवतो. आणि त्याने टेन्शनरच्या बोल्टला पाना लावला.

पुन्हा उघडायचं म्हणजे संध्याकाळ. बाळने घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते इस्त्री करून आणलेलं होतं.

"हात बाजूला घे," बाई म्हणाल्या.

पस्तीसने हात असा काढला जणू पाना तापला होता. बाईंनी विचारलं, ठिपके जागेवर आहेत ना. आहेत. वरचे दोन्ही? दोन्ही. खालचा? तोही. मग त्या उठल्या, काल काढलेली जुनी चेन ट्रेमध्ये पसरली आणि एक एक कडी सरकवत मोजली. पुन्हा उलट्या बाजूने मोजली. एकशे चार. जुन्या खालच्या चक्रीचे दात मोजले, अठरा. वरचीचे छत्तीस. टायरवर खुणा करायचा खडू घेतला आणि शेडच्या पत्र्यावर आकडे लिहिले.

"खालची चक्री एका फेरीत अठरा कड्या पुढे ढकलते," त्या म्हणाल्या. "चेन एकशे चार कड्यांची. अठरा-अठराच्या उड्या मारत पिवळी कडी पुन्हा आपल्या जागी केव्हा येईल? वरच्या चक्र्यांना बरोबर दुप्पट दात आहेत, त्यांची काळजी नको. बाळ, सोडव."

बाळ म्हणाला की हा विषय गणिताचा नाही, इंजिनाचा आहे. बाईंनी खडू तसाच धरून ठेवला. बाळने तो घेतला नाही. अठरा माणसांवर साहेब असलेल्याने लोकांसमोर लसावि काढायचा म्हणजे पदाला शोभणारं नव्हतं, शिवाय येत नव्हता.

खडू पस्तीसने घेतला.

त्याला सहा मिनिटं लागली. अठराचे अवयव पटकन पडले. एकशे चार त्याने दोनने तीनदा भागले, पुढे तेरा उरले आणि तेराला काही केल्या काही लागेना. कपाळावर घाम आला. बाईंनी एक अक्षर सांगितलं नाही. शेवटी तेरा तसेच राहू द्यायचे असतात हे त्याचं त्यालाच उमगलं, आणि पत्र्यावर आकडा उमटला, नऊशे छत्तीस. त्याला अठराने भाग. बावन्न. त्याने ते बावन्न पुसून पुन्हा ठळक लिहिलं.

"दोन झाल्या," बाई म्हणाल्या. "उरल्या पन्नास."

बाळ म्हणाला, पत्र्यावर काहीही लिहिता येतं. यावर बाईंनी गाऊनच्या बाह्या वर केल्या आणि लांब दांड्याचा पाना उचलला.

पस्तीस मधे पडला, बाई मी फिरवतो. त्या म्हणाल्या, तू गणित सोडवलंस, पडताळा माझा. प्लग नसल्यामुळे इंजिन हलकं होतं, पण हलकं म्हणजे सायकलचं पॅडल नव्हे. पाव फेरी ओढायची, पाना काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा ओढायचं, आणि चुकूनही उलट फिरवायचं नाही. एका फेरीला चार ओढी. पस्तीस प्रत्येक फेरीगणिक पत्र्यावर खडूची रेघ मारत गेला. दहा फेऱ्या झाल्या तेव्हा बाईंचा अंबाडा सुटला. अठराव्या फेरीला बाळ म्हणाला, आई पुरे, उगाच हाताला लचक भरेल. त्या म्हणाल्या, भरली तर भरू दे, हात माझ्याच नावावर आहे. पिवळ्या कड्या दर दोन फेऱ्यांनी भलत्याच ठिकाणी दिसत. एकदा ठिपक्यापासून चार कड्यांवर येऊन थांबल्या, बाळने लगेच बोट दाखवलं, आणि पुढच्या दोन फेऱ्यांत त्या पार दूर निघून गेल्या. त्याला वाटलं सिद्ध झालं.

एकतिसाव्या फेरीला भंगारवाला आला. क्रेनची गाडी बाहेर लावून, हूक खांद्यावर टाकून आत शिरला तो एका म्हाताऱ्या बाईला इंजिन पिळताना पाहून जागीच थांबला. कशाच्या फेऱ्या, त्याने पस्तीसला विचारलं. बावन्न घालायच्या आहेत, पस्तीस म्हणाला. भंगारवाल्याने आणखी काही विचारलं नाही. पस्तिसाव्यापासून तोही मोठ्याने मोजायला लागला.

सदतिसाव्याला बाई थांबल्या. पाना लावलेलाच ठेवून त्यांनी कपाळ दांड्यावर टेकवलं. बाळने हात पुढे केला, मी घेतो असा. तो हात चांगल्या मनाने आला होता, हे त्यांना कळलं. तरी त्यांनी पाना दिला नाही. पाणी प्यायल्या आणि अडतिसावी सुरू केली.

पन्नास झाल्या तेव्हाही कड्या ठिपक्यांवर नव्हत्या. एक्कावन्न. आत चेन सरकल्याचा तेलकट आवाज. शेवटच्या पाव फेरीला बाईंनी दोन्ही हातांनी ओढलं. खाली एक पिवळी कडी सरकत येऊन ठिपक्याशी बसली. वर दुसरी. तिच्या शेजारच्या चक्रीवर तिसरी.

पस्तीसने वाकून तिन्ही पाहिल्या. मग पत्र्यावरच्या बावन्नाभोवती त्याने एक गोल काढला.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती, पण बाळ नियमाचा माणूस. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पस्तीसने कव्हरला काळा सिलिकॉन लावून बोल्ट आवळले आणि सांगितलं, हा सुकायला पाच तास हवेत, तोवर तेल भरता येणार नाही, गाडी पाचला सुरू करू. बाळ म्हणाला, अट बाराची होती. न खडखडता सुरू, आणि बाराच्या आत. पस्तीसने बाईंकडे पाहिलं. भंगारवाल्याने हूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

बाईंनी साबणाच्या पुडीने हात कोपरापर्यंत धुतले. गाडीचं दार उघडून स्टिअरिंगमागे बसल्या, पट्टा लावला, चारही दारांची बटणं खाली दाबली आणि काच दोन बोटं उघडी ठेवली. गाडीत तेल नव्हतं, प्लग नव्हते, समोर बोनेट आ वासून उभं होतं. त्या आरशात बघून अंबाडा बांधू लागल्या.

बाळ काचेपाशी वाकला. "आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. आता मोडते."

"असं कसं?"

"असंच. गाडी माझी, किल्ली माझी, आणि शब्दही माझाच होता. आजवर सगळे पाळले. हा मला पटत नाही." काटा दातांत धरल्यामुळे त्या थोडं थांबल्या. "आणि बाळ, मी तुझ्याशी पैज लावली हेच मुळात चुकलं. पोहायला जाण्यासाठी मी परीक्षा कशाला देऊ? दिली, पासही झाले. पण पेपर तू तपासायचास, हे कोणी ठरवलं?"

बाळ सरळ उभा राहिला. ऑफिसात असं कोणी बोललं असतं तर त्याने लेखी मागितलं असतं. इथे त्याने भंगारवाल्याला खूण केली. भंगारवाला पुढे आला, गाडीच्या पुढच्या बंपरखाली वाकून पाहिलं, काचेतून बाईंना पाहिलं, आणि साहेबांना विचारलं की बाईंसकट न्यायची का बाईंना वगळून. बाई आतून म्हणाल्या, सकट. तो हसला नाही. म्हणाला की माझ्याकडे येतात त्या टाकलेल्या गाड्या, हिला तर कोणी टाकलेलीच नाही. आणि हूक घेऊन बाहेर गेला. पण निघून गेला नाही, क्रेनच्या सावलीत डबा उघडून बसला. पाचला काय होतं ते त्याला ऐकायचं होतं.

बाई पाच तास गाडीत बसून राहिल्या. एक वाजता पस्तीसने काचेच्या फटीतून बिस्किटं दिली. दोनच्या सुमारास त्यांनी सीट मागे टाकून झोप काढली, बटणं खाली ठेवूनच. बाळ दोनदा ऑफिसला जातो म्हणाला आणि दोन्ही वेळा गेला नाही. तीनला त्याने बाहेरून विचारलं, उकडतंय का. आतून उत्तर आलं, उकडतंय.

पाचला पस्तीसने तेल भरलं, प्लग बसवले, बोनेटच्या कडेला उभा राहून मान हलवली. बाईंनी किल्ली फिरवली.

गाडी खडखडली.

बाळचे ओठ उघडले. बाईंनी किल्ली सोडली नाही, कोणाकडे पाहिलंही नाही. एक सेकंद, दोन. नव्या टेन्शनरमध्ये तेल चढलं आणि आवाज अचानक मधेच तुटला. मग इतकं शांत झालं की भंगारवाल्याने, गाडी बंद पडली समजून, आत डोकावलं. पस्तीसने इंजिनावर तळहात ठेवला. बाईंनी गाडी बंद केली, वीस अंक मोजले आणि पुन्हा सुरू केली. या वेळी काहीच ऐकू आलं नाही.

बाळ म्हणाला, पहिल्यांदा खडखडली होती. मग स्वतःच म्हणाला, थोडीशीच. बाईंनी गिअर टाकला. आता कुठे निघालीस, त्याने विचारलं. तलावावर. आज शनिवार आहे, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, पाण्याला ते माहीत नसतं. तिघींना त्यांनी चारलाच फोन करून तयार राहायला सांगितलं होतं.

बाळ काचेपाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मी येतो बरोबर. वाटेत बंद पडली तर."

"जागा नाही."

"पाच जणांची गाडी आहे, आई."

"पुढे एक, मागे दोघी. आणि मधे टॉवेल."

पस्तीसने शेडचं दार पूर्ण उघडलं. भंगारवाल्याने क्रेन मागे घेऊन रस्ता मोकळा केला. बाईंनी काच तळापर्यंत खाली केली, इंडिकेटर दिला आणि गाडी बाहेर काढली.